आरोग्य ऑप्शनला

आमच्या शाळेत पी.टी.चा तास गणिताच्या सरांचा असे. वेळापत्रकात नाव पी.टी.चं, पण दिवाळी जवळ आली आणि पोर्शन मागे पडला, की सर खडू घेऊन हजर. घरी तक्रार करण्यात अर्थ नव्हता. आईने सरांना पेढेच पाठवले असते. ‘धावून कुणाचं भलं झालंय?’ हा आमच्या आळीचा सर्वमान्य सिद्धांत होता.

अशा आळ्यांतली हुशार मुलं पुढे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन राहिली. कारण एकच, शाळा चांगल्या. घर घेताना आम्ही स्वयंपाकघराआधी शाळेचं रेटिंग पाहिलं. आणि राहायला आल्यावर कळलं, की या गावच्या शाळांचं नाव गाजलंय ते पी.टी.च्या तासामुळे!

हकिगत अशी. फिल लॉलर नावाचे इथले पी.टी.चे शिक्षक. मुलांच्या हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे नवे नवे आले, तेव्हा त्यांनी मैलभर पळणाऱ्या एका मुलीला तो बांधून पाहिला. पळण्यात ती बेताचीच. पण पट्ट्यावर आकडा निघाला मिनिटाला सरासरी १८७! जी चालत असल्यासारखी दिसत होती, ती प्रत्यक्षात जीव तोडून पळत होती. तेव्हापासून गुण वेगाला नाहीत, मेहनतीला. १९९९च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत इथल्या आठवीच्या मुलांनी स्वतंत्र देशाच्या थाटात भाग घेतला आणि विज्ञानात सिंगापूरला मागे टाकून पहिला, गणितात सहावा क्रमांक मिळवला. पुढे नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये पॉल झिएंटार्स्कींच्या कारकिर्दीत ‘झीरो अवर’ आला. शाळा भरायच्या आधी धावायचं, मग अभ्यासाला बसायचं. जॉन रेटी या मानसोपचारतज्ज्ञांनी २००८च्या ‘स्पार्क’ पुस्तकात हे सगळं लिहिलं आणि गाव प्रसिद्ध झालं.

यातलं श्रेय धावण्याचं किती आणि बेल लॅब्ज, आरगॉनसारख्या ठिकाणी नोकऱ्या करणाऱ्या शिकलेल्या आईबापांचं किती, यावर वाद घालता येतो. आमच्याकडे शनिवारी तो घातला जातो. बटाटेवडे खात.

पण मराठी मनावर परिणाम झाला तो झालाच. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले माझे सासरे ‘एवढ्या थंडीत पोरीला कुठे पळायला पाठवता?’ म्हणून रागावले होते. ‘त्यानं गणित सुधारतं, अप्पा,’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नातीचे बूट हातात घेऊन ते जिन्याखाली उभे. पोरगी बिचारी झोपली होती, शनिवार होता.

मोठ्यांच्या व्यायामाला मात्र असं काही आमिष नाही, म्हणून आमचा सगळा भर खाण्यावर. अप्पा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत उरकायचं. बायको ऋजुता दिवेकरांची. थोड्या थोड्या वेळाने खायचं, आणि तुपाला घाबरायचं नाही. मी दोघांचाही मान राखतो. अप्पांबरोबर दोनदा पोटभर जेवतो आणि मधल्या वेळात बायकोबरोबर थोडं थोडं खातो.

दीक्षितांच्या पद्धतीत पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचंही असतं. त्यासाठी आम्ही रिव्हरवॉकला जातो. गावाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८१ साली, ड्युपेज नदीच्या काठाने बांधलेली ही वाट फार देखणी आहे, आणि तीच तिची अडचण आहे. अप्पा पाटी दिसली की थांबून वाचतात, बदक दिसलं की फोटो काढून पुण्याला पाठवतात, आणि समोरून कानटोपी-स्वेटरमधले गृहस्थ आले की ‘आपण मूळचे कुठले?’ सुरू होतं. मूळ गाव सापडेपर्यंत पंचेचाळीस मिनिटं सरतात. किलोमीटर तेवढे उरतात.

एकदा मुलीने शाळेतलं शास्त्र घरी आणलं. दोनशेवीसमधून वय वजा केलं, माझे जास्तीत जास्त ठोके किती ते काढलं आणि घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. चालताना आकडा ढिम्म. संध्याकाळी रूट ५९वर गाडी उभी करायला जागा शोधताना मात्र तो सपाट्याने चढला. ‘बाबा, ही मेहनत धरत नाहीत,’ परीक्षकांनी निकाल दिला.

खरी गोम इथे आहे. ‘आरोग्यासाठी’ म्हणून आम्ही काही करत नाही. आरोग्य फार मोघम. त्याला ना टक्केवारी, ना नंबर. लॉलर सरांनी पट्टा बांधून घामाला गुण दिले आणि पोरं पळाली. आम्हाला मात्र पेपरात न येणारा धडा ऑप्शनला टाकायची शाळेपासूनची सवय.

आता चाळिशीनंतर डॉक्टर सांगतात, तो धडा कंपल्सरी होता. पेपरचं नाव एचबीएवनसी. दोन-तीन महिन्यांची साखर एकदम तपासतात, म्हणजे आदल्या रात्री जागून उपयोग नाही. गेल्या वेळचा निकाल अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि सवयीने विचारलं, ‘कितीपैकी?’

‘अप्पा, यात कमी मिळाले की चांगलं असतं.’

‘असं कसं?’ अप्पांना पटेना. ‘इथले पेपर कोण काढतं?’