नाक बंद, तोंड उघडं

अंदमानात अर्धा दिवस फार लवकर संपतो. बेटं 93 अंश रेखांशाच्या आसपास आणि घड्याळ मिर्झापूरजवळच्या 82.5 अंशांचं, त्यामुळे मे महिन्यात पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत दिवा लावावा लागतो. आमच्या टूर मॅनेजरने आदल्या रात्री ‘हाफ डे स्नॉर्कलिंग, सहाला नाश्ता’ असं जाहीर केलं, तेव्हा मेव्हणे म्हणाले, “म्हणजे अर्ध्या दिवसाचे पैसे घेऊन पहाटही आपल्याकडूनच वसूल करणार.”

बुकिंग आम्ही हॅवलॉकचं केलं होतं. 1857 च्या उठावात इंग्रजांकडून लढलेल्या सेनापतीचं हे नाव 30 डिसेंबर 2018 ला गेलं आणि बेट स्वराज द्वीप झालं. विमान ज्या पोर्ट ब्लेअरला उतरलं, ते सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम. जेटीवरचे बोटवाले मात्र अजून ‘हॅवलॉक, हॅवलॉक’ असंच ओरडत होते. आदल्याच दिवशी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे आमचा अख्खा ग्रुप गहिवरला होता. ज्या पाण्याला तेव्हाची माणसं काळं पाणी म्हणून धसकायची, त्याच्याकडे बघत आता सगळे ‘अय्या, किती निळं!’ म्हणत होते.

आमची बोट निघाली एलिफंट बीचला. पोचल्या पोचल्या नाशिकच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “हत्ती कुठाय?” गाइड मूळचा बंगाली. त्याने शांतपणे सांगितलं की लाकूडतोडीसाठी आणलेले हत्ती या बेटांवर पूर्वी होते. समुद्रात पोहणारा राजन नावाचा प्रसिद्ध हत्तीही हॅवलॉकवरच होता, पण 2016 मध्ये तो गेला. काकूंचा चेहरा पडला. “मग बाकी सगळ्यांची नावं बदलली, तर ह्याचंच का नाही बदललं?” ह्यावर गाइडकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मग फॉर्म. दमा आहे का, बीपी आहे का, हृदयाचं काही? आमच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी एकमेकांच्या गोळ्या मोजून देणारी माणसं होती. सगळ्यांनी बिनदिक्कत ‘नाही’ लिहिलं. तिकिटाच्या पैशांसाठी माणूस किती निरोगी होऊ शकतो, ह्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

खरी अडचण आली ती मिशीची. मेव्हण्यांची मिशी म्हणजे आमच्या घराण्याची मालमत्ता आहे. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसायला हवी, ती मिशीवर बसते आणि केसाकेसातून पाणी आत शिरतं. गाइडने आधी व्हॅसलीन लावून पाहिलं. पाणी आलं. मिशी दाबून पाहिली. पाणी आलं. शेवटी तो अदबीने म्हणाला, “सर, थोड़ा काट दें?” किनाऱ्यावर शांतता पसरली. बहीण म्हणाली, “काढा ना, पुन्हा येईल.” मेव्हण्यांनी समुद्राकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मासे असे आहेत तरी कितीसे?” ते काचेच्या तळाच्या बोटीकडे गेले. तिचे पैसे वेगळे.

आमची सौ. वीस वर्षं अनुलोम-विलोम करते. तिला आता सांगण्यात आलं, नाक पूर्ण बंद, श्वास फक्त तोंडाने. वीस वर्षांची साधना पाण्यात गेली, तीही शब्दशः. तिने नळी तोंडातून काढली, ‘हे शास्त्राला धरून नाही’ एवढं सांगितलं आणि मग पुन्हा लावली, कारण पैसे भरलेले होते.

पाण्यात आम्ही पोहलो, असं गावाकडे सांगायचं आहे. वस्तुस्थिती अशी की लाइफ जॅकेट घातलेली चार माणसं एका ट्यूबला लटकलेली आणि गाइड ती ट्यूब ओढतोय, बैलगाडीसारखी. आमच्या तिकिटात हे सुख पंधरा मिनिटांचं होतं. त्यातली पाच मिनिटं खाली बघण्यात गेली आणि दहा मिनिटं गाइडच्या कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवण्यात. व्हिडिओचे पैसे वेगळे.

त्या पाच मिनिटांत मला एक पोपटमासा दिसला. चोचीने खरवडत प्रवाळ खात होता. गाइडने नंतर सांगितलं, तो प्रवाळ चावतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून वाळू सोडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. मी किनाऱ्यावर नजर टाकली. नवविवाहित जोडपी त्याच पांढऱ्याशुभ्र वाळूत बदाम काढून आपापली नावं कोरत होती. मी काही बोललो नाही. संसार सुरू होतानाच सगळं सांगू नये.

परतताना काकू मात्र खूश होत्या. “खालचं ते झाडासारखं काय होतं हो? अगदी पांढरंशुभ्र! आमच्या बाथरूमच्या टाइल्स इतक्या पांढऱ्या राहत नाहीत.” गाइड दोर गुंडाळत होता. तो म्हणाला, “मॅडम, वो बीमार है.” पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ निघून जातं, रंग जातो, खायला घालणारंच कुणी उरत नाही. 1998, 2010, 2016, त्याने वर्षं अशी सांगितली जशी आपल्याकडे म्हातारी माणसं दुष्काळ सांगतात. काकू क्षणभर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “पण फोटोत छान आलं असेल ना?”

आलं होतं. फोटोवाल्याने रंग वाढवून दिले होते. पांढरं प्रवाळ पेन ड्राइव्हमध्ये गुलाबी झालं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी व्हिडिओ टाकला. सतरा अंगठे आले, दोन ‘वॉव’ आणि तळमजल्यावरच्या काकांचा प्रश्न: “जेवण व्हेज मिळालं का?”