बाई बाई, हा डार्सी!

ऐकलंत का? एका पुरुषाचा जुना शर्ट २०२४ साली लंडनमध्ये लिलावात निघाला आणि बोली गेली २०,००० पौंडांवर! शर्ट कुणाचा, तर मिस्टर डार्सीचा. म्हणजे जो गृहस्थ कधी जन्मालाच आला नाही, त्याचा. १९९५ च्या बीबीसी मालिकेत डार्सी झालेला कॉलिन फर्थ तळ्यात बुडी मारून ओलेत्या अंगानं नायिका एलिझाबेथसमोर उभा राहिला, तेव्हापासून चांगल्या चांगल्या घरच्या लेकीसुना, आणि हो, आज्यासुद्धा, ज्या पाघळल्यात त्या अजून सावरलेल्या नाहीत. २०१३ मध्ये हाइड पार्कच्या तळ्यात त्याचा १२ फुटी पुतळा उभा केला, तोही भिजलेलाच. शिव शिव!

आणि जेन ऑस्टेनच्या मूळ कादंबरीत ती बुडी औषधालाही नाही! १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये स्वारी कोरडी ठणठणीत येते. एलिझाबेथचं मत फिरवायला हातभार लावते ती त्याच्या वाड्यातली जुनी कारभारीण. मालक चार वर्षांचा होता तेव्हापासून पाहतेय, कधी वेडावाकडा शब्द बोलला नाही, असं ती सांगते. स्थळाची चौकशी अशी घरच्या नोकरमाणसांकडे करावी! नाहीतर तो विकहॅम. दिसायला राजबिंडा, बोलायला साखर, पण गावभर उधारी. शेवटी एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीला, लिडियाला, एवढ्याशा पोरीला, घेऊन पळाला. डार्सीनं त्याची देणी फेडली, दोघांचं लग्न लावून दिलं आणि वर कुणाला कळू देऊ नका म्हणाला. प्रेमात पडायचं तर इथे पडा ना! पण नाही, आमचं सगळं लक्ष शर्टात.

दर सप्टेंबरात बाथ शहरात तर ऑस्टेनबाईंच्या नावानं जत्राच भरते. बॉनेट, झालरीचे झगे, घट्ट विजारी घालून मंडळी रस्त्यातून मिरवतात. ह्याच बाथमध्ये बाईंच्याच ‘पर्स्वेजन’ कादंबरीतले सर वॉल्टर दुकानात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या ८७ बायका मोजतात आणि एकीचाही चेहरा धड नाही म्हणतात. स्वतः दिवसभर आरशासमोर! बाईंनी ज्या नटवेपणाची टर उडवली, नेमकं तेच त्यांच्या नावानं वर्षानुवर्षं चाललंय.

बँक ऑफ इंग्लंडही मागे नाही हं. २०१७ मध्ये १० पौंडांच्या नोटेवर ऑस्टेनबाई आल्या, सोबत वाचनानंदाचं एक वाक्य. ते म्हणते कोण? कॅरोलिन बिंगली! डार्सीवर छाप पाडायला पुस्तक हातात धरून जांभया देणारी ती भवानी! बँकेत कुणी पुस्तक उघडून पाहिलं की नाही?

बरं, बाईंचं स्वतःचं? १८०२ च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर नावाच्या इस्टेटीच्या वारसानं मागणी घातली. रात्री ‘हो’, सकाळी ‘नाही’! पुढे जन्मभर लग्न केलं नाही. आम्ही म्हणू, बरं झालं.

आता शेवटचं, पण पोरांसमोर नको. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांना नर उंदराच्या मुतात एक प्रथिन सापडलं, त्याच्या वासानं माद्या भुलतात. नाव काय ठेवलं? डार्सिन! ऑस्टेनबाईंच्या कानावर हे गेलं असतं तर त्याच संध्याकाळी बहिणीला, कॅसँड्राला, चार पानी पत्र गेलं असतं. आणि कॅसँड्रानं बाकीच्या ढीगभर पत्रांबरोबर तेही जाळलं असतं.