मारव्याशी सूत जमलंय म्हणे!

तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. आमच्या सोसायटीतले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, जन्मात कधी कुणाकडे मान वर करून न पाहिलेले, हल्ली संध्याकाळ झाली की बेचैन होतात. देवापाशी दिवा लागायच्या सुमाराला हे बाल्कनीत, दार लोटून, कानात इअरफोन. काकूंनी बरेच दिवस काणाडोळा केला. मग एकदा विचारलंच, "कोण आहे?" तर म्हणाले, "मारवा."

आता मारवा म्हणजे काही घरंदाज लक्षण नव्हे. पंचम मुळातच नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज म्हणजे रागाचं हक्काचं घर, तिथे टेकायलाच हा तयार नसतो. रिषभ-धैवताच्या नाक्यावर रेंगाळत बसायचं, बस्स. सगळं जग घरी परततं नेमक्या त्या वेळेला घर टाळणारा राग! वसंतराव देशपांड्यांनी तो लाहोरला शिकून घेतला आणि मिलिटरी अकाउंट्सच्या कारकुनीत फायली उपसता उपसता जिवापाड सांभाळला. म्हणजे सरकारी नोकरीसुद्धा माणसाला यातून वाचवत नाही.

एकट्या काकांचं असतं तर पोटात ठेवलं असतं हो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई? दवाखान्यातून येतात, गाडी पार्किंगमध्ये लावतात आणि किशोरीताईंचा भूप संपेपर्यंत खाली उतरत नाहीत. वर मुलं जेवायची थांबलेली! वॉचमनने डोळ्यांनी पाहिलंय. टोकलं तर म्हणतात, "दिवसभरात तेवढाच वेळ माझा आहे." बी विंगमधल्या आजींचं तर काय सांगू. यजमान गेले तेव्हा भेटायला आलेल्या मंडळींसमोर त्यांनी कुमारांचा ख्याल लावून ठेवला होता. कुणीतरी "फार वाईट झालं" म्हणायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवून म्हणाल्या, "सम येऊ द्या, मग बोला." सम आली, आणि मग ज्या रडल्या... पण जाऊ दे, तो विषय चेष्टेचा नाही.

हे वळण पुण्याला जुनंच आहे. सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि भीमसेनांनी 1953 मध्ये गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. मग डिसेंबर आला की चांगली चांगली माणसं शाल, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन रात्र रात्र घराबाहेर काढू लागली. भैरवी झाल्याशिवाय परतायचं नाही आणि सकाळी त्याच तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत हजर! बरं, ज्यांनी हे सुरू केलं त्यांचं तरी काय? वयाच्या अकराव्या वर्षी गदगचं घर सोडून पळालेले. कशापायी, तर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली म्हणून. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, आणि पोरगं गुरू शोधायला घराबाहेर!

पुढे कायद्याने रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायला लावले. क्वचित बाराची मुभा मिळते, एरवी वेळेत गाशा गुंडाळायचा. मला वाटलं, चला, लोक ताळ्यावर येतील. उलटच झालं. मैफली दुपारपासून भरू लागल्या. दरबारी, मालकंस बिचारे कोपऱ्यात गेले आणि भीमपलास, मुलतानी, पटदीप यांची चंगळ झाली. माणसं अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातात. पूर्वी निदान अंधाराचा आडोसा तरी होता, आता दिवसाढवळ्या!

आणि हे सगळं रीतसर करायची सोयसुद्धा आहे. पलुस्करबुवांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं चारचौघांत बसवलं. आता प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अर्ज भरा आणि परीक्षेला बसा. पन्नाशी उलटलेल्या बायका दुसरीतल्या पोरांच्या रांगेत बसतात. आमच्या ओळखीच्या एकींना परीक्षकांनी भूपाचे वर्ज्य स्वर विचारले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई, पण घाम फुटला. मागून नातीने "मध्यम-निषाद, मध्यम-निषाद" म्हणून कुजबूज केली. बाई पास झाल्या. नात अजून त्याचं कमिशन आइस्क्रीममध्ये वसूल करते.

आता ताजी खबर ऐका. सी विंगमध्ये एक ताई पहाटे पाचला उठून मोबाइलवर काळी चारचा तानपुरा लावतात. पूर्वी तानपुरा म्हटला की मिरजेला जाऊन भोपळा पारखून घ्यावा लागे, घरात कुठे ठेवायचा यावरून भांडणं होत, त्यामुळे निदान काही धरबंध होता. आता भोपळा खिशात. तर यांचा ललत चालतो. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भल्या पहाटे दार वाजवायला गेले. मला कसं कळलं विचारू नका, आमचं दार समोरच आहे. मी म्हटलं, आज होणार तमाशा. त्यांचा मुलगा आयटीत, रात्री उशिरा येतो, झोपमोड होत असणार. ताई आधीच ओशाळून "आवाज कमी करते" म्हणाल्या.

"कमी कशाला?" गृहस्थ म्हणाले. "ते दोन मध्यम एकापाठोपाठ घेता ना, तिथे जरा खिडकीजवळ या. खाली नीट पोचत नाहीत."