मोत्याच्या वजनाचा आलेख

ती. आई-बाबांस केंब्रिजहून चिरंजीव व सूनबाई यांचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, ‘पिल्लू पार वाळलंय, त्याला तूप-पोळी घाला’ असा जो निष्कर्ष आईंनी व्हिडिओ कॉलवरून काढला, त्याचे साधार खंडन करणे येथील कुटुंबास आवश्यक वाटते.

मोत्या हा लॅब्राडोर जातीचा नर असून पूर्ण वाढीनंतर अशा नराचे वजन साधारण 29 ते 36 किलो भरते. परंतु तेथवर पोचण्याची घाई अनिष्ट मानली जाते, कारण लांब हाडांच्या टोकांशी असलेले वाढपट्टे, म्हणजे जेथे कूर्चेचे हाड बनून हाडाची लांबी वाढते तो भाग, पहिल्या वर्षात पक्के झालेले नसतात आणि अतिपोषणाने भराभर वाढलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लास सांध्यांचे विकार जडण्याचा धोका असतो. म्हणून वॉल्थम संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या आलेखावर मोत्याचे वजन दर रविवारी नोंदले जाते. त्यावर शतमक-रेषा असतात, म्हणजे शंभर निरोगी पिल्ले वजनाच्या चढत्या क्रमाने उभी केल्यास आपले कितवे येईल हे सांगणाऱ्या रेषा. पिल्लाने वरचा नंबर काढावा अशी अपेक्षा येथे नसते, आपली रेषा सोडू नये एवढीच असते, आणि हे पचवणे कोणत्याही मराठी घरास जडच जाते.

पिल्लू काट्यावर स्थिर राहत नसल्याने चिरंजीव त्याला कडेवर घेऊन उभे राहतात व नंतर त्यांचे एकट्याचे वजन वजा केले जाते. या वजाबाकीतून चिरंजीवांच्या वाढीचाही आलेख आपोआप तयार झाला असून सूनबाईंनी तो फ्रीजच्या दारावर लावला आहे.

मोत्या सदैव भुकेला दिसतो, हा आईंचा पुरावा मात्र ग्राह्य धरता येत नाही. सुमारे चतुर्थांश लॅब्राडोरांत पीओएमसी या जनुकाचा, म्हणजे पोट भरल्याची जाणीव मेंदूत उमटवणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकाचा, तुकडा गळालेला असतो, असे 2016 साली येथल्याच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. जेवण उरकताच रिकामे भांडे नाकाने ढकलत स्वयंपाकघरभर फिरणारा मोत्या त्याच गटातला असावा, असा घरात प्रबळ संशय आहे.

सबब, उन्हाळ्यात इकडे येताना आणावयाच्या बेसनाच्या लाडवांत कृपया बेदाणे घालू नयेत, कारण ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडास घातक ठरतात आणि आई लाडू कोणाला चोरून भरवतील, हे सर्वांस ठाऊक आहे.