ताजमहाल हुकलेलं गाव

इंदूरला पाहुणा आला की त्याला सराफ्यात खिलवतात, मग ओंकारेश्वर, महेश्वर आणि सवड उरलीच तर मांडू. दक्षिणेला एकशेऐंशी किलोमीटरवर तापीचं खोरं आहे आणि तिथे बुऱ्हाणपूर आहे, हे इंदूरकराला ठाऊक असतं; पण दूरच्या चुलत्याला पत्रिका पाठवावी आणि त्याच्या घरी मात्र कधी जाऊ नये, तसं. पुण्या-मुंबईची माणसं तर बुऱ्हाणपूरवरून नेहमी जातात, झोपेत. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांच्या मधे सातपुडा आडवा पडलाय आणि त्याला इथे एक सोयीचं खिंडार आहे. मोगल त्यातून खाली दख्खनेत उतरले, मराठे वर उत्तरेत गेले आणि १८७० साली जबलपूरपर्यंत पुरी झालेली रेल्वेही त्याच वाटेने गेली. वर्दळ एवढी, पण उतरायला कोणी तयार नाही.

आम्हाला उतरवलं ते रावेरच्या मामांनी. मामांची केळीची बाग आहे आणि जगाकडे ते केळीच्या पानाआडूनच बघतात. रावेर महाराष्ट्रात, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. मधे राज्याची हद्द कुठे बदलते ते खिडकीतून काही समजत नाही. अलीकडे केळी, पलीकडे केळी. मामांना मात्र बरोबर समजलं.

"बघ, इथून घड बारीक झाले," ते म्हणाले.

"काका, रावेरचे व्यापारी हेच बारीक घड रावेरचे म्हणून दिल्लीला धाडतात," समोरच्या बाकावरचा बुऱ्हाणपूरकर शांतपणे म्हणाला. त्यानंतर स्टेशन येईपर्यंत मामा वर्तमानपत्र वाचत होते. ते माझ्या हातात होतं.

स्टेशनपासून गाव लांब आहे. रिक्षावाल्याने आमच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि विचारलं, "मराठी? मग मराठीतच सांगतो." आणि खरंच सांगायला लागला. त्याची मराठी खानदेशी वळणाची होती, क्रियापदं हिंदीतून उसनी घेतलेली आणि दुःख अस्सल होतं. ते दुःख म्हणजे ताजमहाल.

"इथेच होनार होता, साहेब. तापीच्या काठी. मुमताज बेगम कुठे वारली? आग्र्याला? नाही. या किल्ल्यात."

हे मात्र पक्कं खरं आहे. खानजहान लोदीचं बंड मोडायला शहाजहान इथे येऊन बसला होता. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज शाही किल्ल्यात वारली. नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला दफन केलं आणि सहाएक महिन्यांनी शव आग्र्याला नेलं.

"मग इथे का नाही बांधला?" मी विचारलं.

"मकराण्याहून संगमरवर आणायला लांब पडत होतं."

हे तो अशा सुरात म्हणाला की जणू टेंडर गेल्याच वर्षी हातचं गेलं. मामांचा चेहरा उजळला. "वाहतूक खर्च," ते म्हणाले. "केळीचंही तेच आहे." दोघांची दोस्ती तिथेच झाली आणि पुढे दिवसभर मी मागे एकटा बसलो.

ताज गेला याची भरपाई म्हणून गावाने स्वतःचा एक 'काला ताज' ठेवलाय. उतावळी नदीच्या काठी शाहनवाज खानाची ही कबर. आकाराने आटोपशीर, दगडाने काळपट आणि गर्दी अजिबात नाही. शाहनवाज हा अब्दुल रहीम खानखानानचा मुलगा; तरुणपणीच गेला, अतिमद्यपानाने. इथे थांबून बुऱ्हाणपूरचा एक स्थानिक उद्योग सांगायला हवा, कारण गाईड तो गाळतात. अकबराचा मुलगा दानियाल याच गावात दारूने गेला. त्याची दारू तोडायची जबाबदारी त्याच्या सासऱ्यावर, म्हणजे याच खानखानानवर होती. पहारा बसला, तेव्हा दानियालने बंदुकीच्या नळीतून दारू आणवली. त्या बंदुकीचं नाव त्याने स्वतःच 'जनाजा' ठेवलं होतं. मोगलांनी भविष्य सांगायला ज्योतिषी पदरी ठेवले ते उगाचच. पुढे जहांगीरचा मुलगा परवीज इथे सुभ्यावर आला. १६१५च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील थॉमस रो त्याला भेटला आणि नजराण्यात बाटल्यांची पेटी देऊन बसला. खाजगी बोलणी ठरली होती. शहजाद्याने आधी पेटीकडे लक्ष दिलं आणि बोलणी राहिली. परवीजही १६२६ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला, दारूनेच.

अशा मंडळींमध्ये राहून खानखानानने गावाला पाणी पाजायचं मनावर घेतलं, यात नवल नाही. १६१५ साली, म्हणजे रो बाटल्या घेऊन आला त्याच वर्षी, तबकतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी हेरलं. जमिनीखालून भुयार आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या, शंभराहून जास्त. पंप नाही, वीज नाही. उतारच पाण्याला शहरापर्यंत पोचवतो. हा कुंडी भंडारा, ज्याला गावातले लोक खुशाल 'खूनी भंडारा' म्हणतात. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली जायचं, विजार गुडघ्यापर्यंत सरसावायची आणि चारशे वर्षांपूर्वीच्या नळयोजनेत उभं राहायचं. पाणी अजून वाहतंय. मामा ओंजळ भरून प्यायले, थोडं त्यांनी डोक्याला लावलं आणि बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ठिबकला लावलं असतं तर." माझ्या मते दानियालच्या गावात पाहण्याजोगी पहिली गोष्ट ही आहे. ताजमहालाचं रडगाणं बुऱ्हाणपूरने सोडावं आणि पाटीवर आधी हे लिहावं.

जामा मशिदीत आणखी एक चकवा आहे. आदिलशाह फारुकीने बांधलेल्या या मशिदीच्या भिंतीवर अरबीबरोबर चक्क संस्कृत शिलालेख आहे: शके १५११, संवत १६४६, शिवाय तिथी, वार, नक्षत्र. आमच्या घरी वास्तुशांतीला गुरुजींनीही इतकं सांगितलं नव्हतं.

मराठी मंडळींचं इथलं येणं अर्थातच जुनं आहे. १६८१च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांसह, इथल्या बहादूरपुऱ्यावर धाड घातली. तीन दिवसांत जी 'खरेदी' झाली तेवढी आजवर कुठल्याही पर्यटकाने केलेली नाही. रिक्षावाल्याने हे आम्हाला बहादूरपुऱ्यातच सांगितलं आणि नंतर भाडं सांगितलं. घासाघीस करायचं धाडस झालं नाही.

असीरगड वीसेक किलोमीटरवर, खिंडारावर नजर ठेवून बसलेला. अकबराने १६०१ मध्ये घेतला; तटाला तोफ नव्हे, सोन्याची चावी लागली असं म्हणतात. शिंद्यांकडचा हाच गड एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि तिसरं इंग्रज-मराठा युद्ध तिथे मिटलं. पण इथल्या लोकांना त्याचं काही नाही. त्यांना गडावरचा अश्वत्थामा महत्त्वाचा. तो पहाटे महादेवाला फूल वाहून जातो आणि वाटेत कोणी भेटलं तर कपाळावरच्या जखमेला तेल मागतो.

"कोणतं?" मामांनी विचारलं.

"काय कोणतं?"

"तेल. सोयाबीन चालतं का?"

रिक्षावाला पहिल्यांदाच निरुत्तर झाला.

संध्याकाळी मावा जिलेबी खाल्ली. काळसर, जाड, पाकाने जड झालेली. दोन खाल्ल्यावर आपण रेल्वेने आलो होतो की उंटावरून, याचा विसर पडतो. रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा घरी न्यायला बांधून घेतला. मांडे मात्र तिथेच खावेत. पिशवीत घातले की त्यांच्यात आणि रुमालात काही फरक उरत नाही.

जायचं असेल तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जा. तापीला तेव्हा पाणी असतं आणि केळीच्या बागांतला वारा गार असतो. मे महिन्यात मात्र चुकूनही जाऊ नका. शहाजहान उन्हाळ्यात राहिला खरा, पण त्याच्या किल्ल्यात छताला चित्रं काढलेला हमाम होता. तुमच्या लॉजमध्ये फक्त पंखा असेल.