उड्या मारणारा हिशेबनीस

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहेच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. ‘ऑब्लिव्हियन’ हा 2006 सालचा खेळ संगणकावर लावल्यावर जो सरळ चालत नाही, उड्या मारत जातो, तोच हा. सिरोडिल नावाच्या त्या साम्राज्यात सुरुवातीलाच सम्राट युरिएल सेप्टिमचा खून होतो. मरण्याआधी तो राजघराण्याचं पदक खेळाडूच्या हातात देतो. ते जॉफ्री नावाच्या साधूकडे पोचवायचं असतं, आणि त्यावर साऱ्या राज्याचं भवितव्य टांगलेलं असतं. तुमच्या-आमच्यासारखा भाबडा खेळाडू तडक निघतो. हाही निघतो, पण उड्या मारत आणि भलत्याच दिशेला. कारण उडी मारली की ‘अ‍ॅक्रोबॅटिक्स’ वाढतं, अ‍ॅक्रोबॅटिक्स वाढलं की ते ‘स्पीड’च्या खात्यात जमा होतं, आणि सम्राटाच्या अंतिम इच्छेमुळे कुठल्याच खात्यात काही जमा होत नाही. दुकानात शिरताना उडी, जिना चढताना उडी, पुजाऱ्याचा आशीर्वाद घेऊन वळताना उडी. क्वाच शहर जळत असतं, तिथून पळालेला माणूस जीव मुठीत धरून काय काय झालं ते सांगत असतो. हा सगळं ऐकून घेतो आणि उडी मारतो. साम्राज्याचा सर्वनाशही मोठा समजूतदार असतो, याच्या उड्या संपेपर्यंत थांबून राहतो.

उड्यांमागचं गणित एकदा समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माणूस वेडा वाटेल. तो तसा नाही, हीच अडचण आहे. खेळात एकवीस कौशल्यं असतात. त्यातली सात ‘मुख्य’ म्हणून निवडायची. मुख्य कौशल्यं मिळून दहा पायऱ्या चढली की नवी लेव्हल मिळते, पण पलंगावर जाऊन झोपल्यावरच. त्या वेळी ताकद, वेग, बुद्धी, एन्ड्युरन्स म्हणजे सहनशक्ती अशा गुणांपैकी तीन वाढवता येतात. ज्या गुणाखालची कौशल्यं दरम्यानच्या काळात दहा वेळा वाढली असतील त्याला पाच गुण, एकदाही वाढली नसतील तर फक्त एक. आता पाचाच्या जागी एक घेईल तो हिशेबनीस कसला? म्हणून तलवारीवर जगणारा हा वीर तलवारच मुख्य यादीतून वगळतो. मुख्य ठेवली तर भलत्या वेळी लेव्हल वाढून बसायची! चिलखताचं कौशल्य वाढावं म्हणून तो किनाऱ्यावर एखाद्या क्षुद्र खेकड्यापुढे उभा राहून शांतपणे चावून घेतो. मरायला टेकला की मंत्राने स्वतःला बरं करतो, कारण त्याने बरं करण्याचं कौशल्यही वाढतं. बेरीज जुळेपर्यंत तो पलंगाकडे फिरकत नाही. पडद्यावरचा नायक जागा, खुर्चीतला माणूसही जागा, आणि पहाटे शेजारच्या मित्राला फोन: ‘अरे, थांब! इतक्यात झोपू नकोस, तुझे एन्ड्युरन्सचे दोन राहिलेत.’

लोक याला हावरट म्हणतात; पॉइंटांची हाव, मिरवायची हौस, दुसरं काय. मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. हावरट माणूस मिळेल ते ओढतो, आणि हा तर मिळणारं नाकारतो. 1999 साली आलेल्या ‘फायनल फँटसी एट’मध्ये आपली लेव्हल वाढली की शत्रूही तितकेच तगडे होतात. हे कळताच याने लेव्हल वाढवणंच सोडून दिलं. शत्रूला मारायचं नाही, त्याचा पत्ता करून खिशात घालायचा, म्हणजे अनुभव मिळत नाही आणि बाकीची कमाई मात्र होते. अनुभव टाळण्यासाठी इतका खटाटोप करणाऱ्याला हावरट कसं म्हणायचं? त्याला काही हवं आहे यापेक्षा काही वाया जाऊ नये, ही भीती मोठी आहे. आणि ती भीती खेळांनीच घातली आहे. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक लेव्हलला मिळणारी प्राणशक्ती त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या एक दशांश असते. एन्ड्युरन्स उशिरा वाढवलं तर मागच्या लेव्हलींची भरपाई होत नाही. दुसऱ्या लेव्हलची चूक तिसाव्या लेव्हलपर्यंत अंगावर राहते. 2006 च्याच ‘फायनल फँटसी ट्वेल्व्ह’मध्ये याहून भयंकर प्रकार होता. वाटेत दिसणाऱ्या साध्यासुध्या पेट्यांपैकी विशिष्ट चार पेट्यांतली एक जरी उघडली तरी पुढे एका ठिकाणी ठेवलेला झोडिअ‍ॅक स्पिअर हा अफाट भाला हातचा जायचा. कोणत्या चार, हे खेळ सांगत नसे. अशा जगात वाढलेला माणूस गाईड उघडल्याशिवाय पेटी उघडत नाही, यात नवल ते काय!

ही भीती किती पुढे जाते ते 2019 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये दिसलं. ड्रॅगनचं मुंडकं शहरात टांगलं की जवळपासच्या सगळ्यांना दोन तासांपुरतं जादूचं बळ मिळे. मात्र ते खेळत असतानाच खर्ची पडे. तेव्हा आमच्या या मंडळींनी काय करावं? बळ अंगात भरून घ्यायचं आणि ताबडतोब खेळातून बाहेर पडायचं, ते थेट मोठ्या मोहिमेच्या दिवशी परत यायचं. पाहुण्यांसाठी म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेल्या कपबशांसारखा सर्वशक्तिमान नायक आठवडाभर बंद. शेवटी 2021 मध्ये कंपनीनेच हे बळ साठवून ठेवण्याचं एक यंत्र खेळात आणून दिलं. म्हणजे भीतीला सरकारी मान्यता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: आकडेमोड हाच काहींचा आनंद असतो, तुम्ही कोण नाक मुरडणारे? कबूल. ज्याने पहिल्यांदा खेकड्यापुढे उभं राहून पाहिलं, वहीत आकडे मांडले आणि नियमातली फट शोधली, तो खराखुरा खेळला, बहुधा खेळ बनवणाऱ्यांपेक्षाही मजेत. पण आपला माणूस तो नव्हे. आपला माणूस त्या शोधकाने केलेला तक्ता समोर ठेवून ओळीने खुणा करणारा. कोडं सोडवणं निराळं आणि उत्तरपत्रिका उतरवून घेणं निराळं. दुसरा आक्षेप असा की दोष रचनेचा आहे. ऑब्लिव्हियनमध्येही शत्रू आपल्याबरोबर वाढतात. हिशेब न करणारा पुढे रडकुंडीला येतो, रस्त्यावरचा फाटका लुटारूही काचेचं किमती चिलखत घालून समोर उभा राहतो. हेही खरं. मग रचना सुधारली तेव्हा काय झालं ते पाहा. 2011 च्या ‘स्कायरिम’ने ताकद-वेगाची ती सगळी भानगड काढून टाकली, तर यांनी लोहाराच्या भट्टीशी बसून शेकडोंनी लोखंडी खंजीर घडवले, कारण स्वस्तातला खंजीर घडवूनही कौशल्य तितकंच वाढत होतं. कंपनीने तो नियमही पुढे बदलला. 2025 च्या एप्रिलमध्ये ऑब्लिव्हियनचीच नवी आवृत्ती आली. तिच्यात दर लेव्हलला सरसकट बारा गुण मिळतात, बेरजा जुळवायची गरजच उरलेली नाही. तरी हा उड्या मारतोच आहे. कारण विचारलं तर म्हणतो, ‘असू दे, कधी उपयोगी पडेल.’

अचिव्हमेंटचं प्रकरण याच भीतीचं धाकटं भावंड. 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 ने गेमरस्कोअर आणला, 2008 मध्ये प्लेस्टेशनने ट्रॉफ्या आणल्या, आणि न केलेल्या गोष्टींनाही नावं आणि रिकाम्या चौकटी मिळाल्या. ‘फायनल फँटसी टेन’मध्ये विजांच्या माळरानावर ओळीने दोनशे विजा चुकवल्या की लुलू या पात्राच्या शस्त्रासाठी एक चिन्ह मिळतं. पडद्यावर मोजणी दिसत नाही आणि एक वीज लागली की पुन्हा पहिल्यापासून. मूळ खेळात शहाणी माणसं खांदे उडवून पुढे गेली. नव्या आवृत्तीत त्याची ट्रॉफी झाली आणि पुढे जाणं अवघड झालं. त्यात एका खड्ड्याजवळ ठरावीक जागी गेलं की वीज हमखास पडते, हा शोध लागला. तेव्हापासून हा त्या खड्ड्यापाशी मागेपुढे करत बोटांवर मोजतो आहे. एकशे एकोणनव्वदला आई चहा घेऊन आली, तर त्या माउलीचं काही खरं नाही.

आता, नाइलाजाने, एक गोष्ट मान्य करावी लागते. सगळे सोडून गेल्यावरही त्या जगात उरतो तो हाच. आपण मुख्य कथा संपवून दुसरा खेळ विकत घेतो. याला मात्र सिरोडिलमधल्या कुठल्या तळ्याकाठी गुणगुणणारं निर्नरूट उगवतं ते ठाऊक असतं. आणि एखाद्या नवख्याने रात्री दीड वाजता ‘दादा, सुरुवात कशी करू?’ असं विचारलं, की हा उड्या थांबवतो. एन्ड्युरन्स म्हणजे काय इथपासून तो लिहीत बसतो, नवख्याच्या चुका मोजून पाहतो आणि शेवटी स्वतःच्या सगळ्या शिकवणीच्या विरुद्ध लिहितो: ‘जाऊ दे रे, नाही जमलं तरी चालतं, मजा कर.’ त्या दोन तासांत त्याचं एकही कौशल्य वाढत नाही. स्वतःला मात्र ही सवलत त्याने कधी दिली नाही, आणि इथे त्याचा राग येईनासा होतो.

त्याच्यावर उपाय करून पाहिला तो एका खेळानेच. 2013 च्या ‘द स्टॅनली पॅरेबल’मध्ये ‘बाहेर जा’ अशा अर्थाची एक अचिव्हमेंट होती. अट एकच: हा खेळ पाच वर्षं उघडायचा नाही. आपल्या माणसाने संगणकाचं घड्याळ पाच वर्षं पुढे सरकवलं आणि ती त्याच दिवशी मिळवली. 2022 च्या 27 एप्रिलला आलेल्या नव्या आवृत्तीत अट दहा वर्षांची केली आहे. ती घड्याळाला हात न लावता मिळवणारा माणूस 2032 च्या 27 एप्रिलपूर्वी कुठेही सापडणार नाही.