सह्याद्रीत कुठेतरी

डोंगरावर जाणारी माणसं साधारण दोन प्रकारची. काही शिखर गाठायला जातात, काही पायथ्याच्या कांदाभज्यांसाठी. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीतले नाना यांपैकी कशातच बसत नाहीत. ते शिखराच्या दिशेने निघतात, एवढं खरं. पुढे ते पोचले का, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही, कारण त्यांनी मान वर केलेलीच नसते.

असे नाना आता ट्रेकच्या प्रत्येक गटात एक तरी असतात. गुडघे आणि कोपरं चिखलाने माखलेली, पण कॅमेरा नवजात बाळासारखा गुंडाळलेला, ही ओळखीची खूण. सोबत फुलाचं माप कळावं म्हणून रुपयाचं नाणं, मागच्या बाजूला धरायला काळं कापड आणि एक छत्री. पाऊस आला की ही छत्री फुलावर धरायची असते. धरायचं काम गटात नव्याने आलेल्या मुलाकडे. वारा सुटला, फूल हलायला लागलं, की कातळावर पालथे पडलेले नाना श्वास रोखून म्हणतात, “दोन मिनिटं!” त्या दोन मिनिटांत गटातले बाकीचे डबे उघडतात, खातात आणि धुऊन ठेवतात.

नाना बँकेतून निवृत्त झाले. उभा जन्म चेकवरच्या सह्या जुळवण्यात गेला आणि तोच संशय आता फुलांच्या वाट्याला आला आहे. पहिल्या भेटीत ते कुठल्याही फुलावर विश्वास ठेवत नाहीत. पावसाळ्यात जीवदानीच्या डोंगरउतारावर किंवा पापडखिंडीच्या धरणाकडे तीन निळ्या पाकळ्यांचं इवलंसं फूल दिसलं, की आपण ‘अय्या, किती गोड’ म्हणून मोकळे होतो. नाना भिंग काढून केसर मोजतात. सहाच्या सहा कामाचे आणि अंगावर लव असलेले निघाले, तर सायनोटिस. दोन-तीनच कामाचे आणि बाकीचे नुसते हजेरीपुरते, तर मर्डानिया. ही दुसरी जात समजावताना त्यांना हटकून आपली जुनी शाखा आठवते.

कोणी मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवून नाव विचारलं, तर नाव मिळत नाही, उलटतपासणी होते. “पान कुठंय? देठ? फुलाची मागची बाजू? जमीन ओली होती की कातळ होता?” विचारणारा ओशाळतो. पण नानांचं म्हणणं रास्त आहे. नुसत्या तोंडवळ्यावरून फूल ओळखायला जाणारा हमखास फसतो.

शिक्षण वाणिज्य शाखेचं, यावरून कोणी टोकलं तर नानांकडे उत्तर तयार असतं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लिहिणारा थिओडोर कुक पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्राचार्य होता. 2001 साली ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ काढणारे श्रीकांत इंगळहळीकरही इंजिनियरच. “इंजिनियरांना जमतं, मग बँकवाल्याने काय पाप केलंय?” कुकचा उल्लेख ते ‘कुकसाहेब’ असाच करतात, तोही जरा सावरून बसून.

घरातल्या घटनांची कालगणना कारवीवरून चालते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ही कारवी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. पहिल्या कारवीत मुलाची दहावी झाली, दुसरीत मुलीचं लग्न. तिसरीत काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ते नानांनी एक महिना पुढे ढकलायला सांगितलं. काकूंनी ढकललं नाही. डॉक्टर हल्ली गुडघ्यांची काळजी घ्या म्हणतात, तेव्हा नाना विचारतात, “2032पर्यंत चालतील ना? पुढचं पुढे.”

इमारतीत नानांचा वचक बसला तो ब्रह्मकमळाच्या रात्री. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंडीत एकदम पाच फुलं येणार होती. अकराच्या सुमारास अख्खी इमारत त्यांच्या बाल्कनीत. निरांजन, हळदकुंकू, पेढे, सगळं साग्रसंगीत. पाकळ्या उलगडल्या, वहिनींनी हात जोडले आणि मागून नानांचा आवाज आला, “हे निवडुंग आहे. मूळचं मेक्सिकोकडचं.”

कोणी काही बोललं नाही. मग वहिनींनी शांतपणे विचारलं, “मग तुम्ही प्रसाद घेणार नसाल?” नानांनी दोन पेढे घेतले.

पण बोलून बसल्यावर खरं ब्रह्मकमळ दाखवणं भाग होतं. ते हिमालयातलं, झाडं संपतात त्याच्याही वरचं. नाना ऑगस्टमध्ये एका ट्रेकिंगच्या गटाबरोबर उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत गेले. 1931 साली कामेत शिखर चढून परतणारा फ्रँक स्माइथ जिथे शिरला आणि जिची कीर्ती त्याने जगभर पोचवली, तीच ही घाटी. ब्रह्मकमळं मात्र खरी दिसतात ती शेजारच्या हेमकुंड साहिबच्या चढणीवर, चार हजार मीटरच्या वर. यात्रेकरू नामस्मरण करत वर चालले होते आणि नाना वाटेकडेला पालथे पडले होते. एक खेचरवाला थांबला. “बाबूजी, तबीयत खराब है?” नानांनी न हलता बोट ओठांवर ठेवलं. त्याने खेचराचे पैसे कमी करून पाहिले आणि मग तो निघून गेला.

परत आल्यावर नानांनी तोच फोटो मोठा करून वहिनींना नेऊन दाखवला. फिकट हिरवट-पिवळी, कागदासारखी पातळ आवरणं आणि त्यांच्या आत जांभळट फुलांचा गुच्छ. वहिनींनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. “कोबी आहे का हो?” मग म्हणाल्या, “त्यापेक्षा आमचं निवडुंगच बरं.”

नानांचा खरा हट्ट मात्र वेगळाच आहे. फुलाचं नाव सांगतील, कूळ सांगतील, कुकसाहेबाने कुठल्या पानावर लिहिलंय तेही सांगतील. फूल कुठे सापडलं ते सांगणार नाहीत. फोटोखाली एकच पत्ता असतो: ‘सह्याद्रीत कुठेतरी’. एकदा त्यांना कंदीलपुष्प सापडलं. त्याची करामत मोठी. माशी नळीतून आत उतरते आणि खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. केस कोमेजले की तिची सुटका होते, अंगावर पराग घेऊनच. हे सगळं नानांनी तासभर रंगवून सांगितलं. ठिकाण विचारल्यावर “चहा घेणार?” म्हणाले. यात आडमुठेपणा आहेच, पण अनुभवही आहे. ठिकाण फुटलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस जोडी बूट पोचतात आणि त्यांच्यामागून कंद उकरणारे.

या बाबतीत नानांना गुरू भेटली ती विरार स्टेशनबाहेर. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर पाड्यांवरच्या बायका शेवळं विकायला बसतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानवनस्पतीचा फुलोराच. खाजरा असतो, म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायचा. नानांनी जुडी हातात घेऊन विचारलं, “कुठनं आणली?”

“डोंगरातनं.”

“कुठल्या डोंगरातनं?”

“हाय तिकडं. घ्यायची तर घ्या.”

नाना भारावून गेले. त्यांनी घासाघीस न करता दोन जुड्या घेतल्या, रिक्षातच त्यांचे फोटो काढले आणि घरी येऊन तीन वेळा भाजी वाढून घेतली. ही वनस्पती पश्चिम घाटाबाहेर कुठेही होत नाही, हे काकूंना सांगितलं ते चौथ्यांदा वाढायला सांगताना.

मागच्या पावसाळ्यात इमारतीच्या मागच्या भिंतीजवळ नानांना काळी मुसळी दिसली. जमिनीला चिकटून, चांदणीसारखं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. औषधासाठी हिची मुळं लोक खणून नेतात, म्हणून नानांनी अवाक्षर काढलं नाही. नेमका त्याच आठवड्यात सोसायटीने गणपतीआधी गवत कापून घ्यायचं ठरवलं. नाना सभेत उभे राहिले. “मागचं गवत कापू नका.”

“का?” सेक्रेटरींनी विचारलं.

“सांगता येणार नाही.”

वादावादी तासभर चालली. डासांचा मुद्दा आला, पार्किंगचा आला, नळाच्या पाण्याचा तर येतोच. शेवटी सगळे कंटाळले आणि चार बाय चार फुटांची जागा सोडायची असा ठराव झाला. कापणाऱ्याला कळावं म्हणून तिथे पाटी लावायचं ठरलं.

“बरं, पाटीवर काय लिहायचं? निदान झाडाचं नाव तरी सांगाल?” सेक्रेटरींनी पेन सरसावलं.

नाना बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “लिहा, साप आहे.”

पाटी लागली. गवत कापणाऱ्याने चार बाय चार फूटच नव्हे, मागची अख्खी बाजू सोडून दिली आणि मजुरी पूर्ण घेतली.